बाटली घेण्याआधी मुळी पाहा: जिवाणू खतं पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात नव्याने शेती हातात घेतली की पहिल्याच हंगामात चारही बाजूंनी सल्ले सुरू होतात. शेजारचे काका म्हणतात, ‘पीएसबी (स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळा करणारे जिवाणू) सोडून घ्या.’ दुकानदार त्याबरोबर केएमबी (पालाश, म्हणजे पोटॅश, उपलब्ध करून देणारे जिवाणू) आणि ट्रायको (ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी) देतो. सल्लागार येऊन बॅसिलसची बाटली लिहून जातो. हे सगळं ठिबकमधून ‘सोडायचं’ एवढंच कळतं. त्यातलं काय कशासाठी आहे, कोणत्या पिकाला चालतं, कधी सोडलं तर वाया जातं, हे बसून कोणी सांगत नाही.

मी दिंडोरी भागात द्राक्ष आणि टोमॅटो करतो, पावसाळ्यात थोडं सोयाबीन असतं. या जिवाणूंच्या मागे लागून जे कळलं, ते ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्या क्रमाने इथे मांडतो आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो: बाटली ही शेवटची पायरी आहे. मुळी पाहणं, माती तपासणं आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेण-पालापाचोळ्यातला कार्बन) वाढवणं ही तिच्याआधीची कामं. ती न करता सोडलेले जिवाणू काही दिवसांत उपाशी मरतात.

## मुळाशी नेमकं काय चालतं

पान उन्हात साखर तयार करतं. ती सगळी फळात आणि खोडात जात नाही. तिचा काही भाग झाड मुळांवाटे मातीत सोडतं: साखरा, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं. या खाऊवर जिवाणू गोळा होतात. म्हणून मुळीला लागून असलेल्या मातीत, म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या थरात, दोन ओळींमधल्या मोकळ्या मातीपेक्षा जिवाणूंची गर्दी कितीतरी पट जास्त असते. जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी 1904 मध्ये या थराकडे लक्ष वेधलं आणि त्याला ‘ऱ्हायझोस्फियर’ असं नाव दिलं. मराठीत त्याला मूळपरिसर म्हणू.

खाऊच्या बदल्यात झाडाला काय मिळतं? काही जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. काही आम्लं सोडून मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. काही जण मुळी वाढवणारी संजीवकं तयार करतात. स्युडोमोनाससारखे जिवाणू मातीतलं लोह आधीच पकडून ठेवतात, त्यामुळे रोगकारक बुरशीला ते कमी मिळतं. बॅसिलसच्या काही जाती बुरशीला मारणारे पदार्थ बनवतात, आणि काहींच्या नुसत्या सहवासाने झाडाची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा आधीच जागी होते.

पण त्याच खाऊवर रोगकारक जिवाणूही येतात. टोमॅटोत मर आणणारा राल्स्टोनिया हाही मातीतलाच जिवाणू. त्यामुळे ‘जिवाणू वाढवा’ हा सल्ला अर्धाच आहे. उपयोगी जिवाणूंनी मुळीवरची जागा आधी धरायला हवी, आणि रोगकारकांना आवडणारी परिस्थिती आपण तयार करायची नाही.

## 1. आधी उकरून मुळी पाहा

खर्च शून्य आणि माहिती सगळ्यात जास्त. वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही) खुरप्याने, हलक्या हाताने उकरा. द्राक्षबागेत खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, ड्रीपरखाली, सहा ते नऊ इंच खोल. टोमॅटोत ओळीतलं एखादं मध्यम झाड मुळासकट काढा. सगळ्यात चांगलं किंवा सगळ्यात वाईट झाड निवडू नका.

काय पाहायचं ते असं:

रंग. आपल्याकडे दोन द्राक्ष बागायतदार भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘पांढरी मुळी चालू आहे का?’ तो प्रश्न बरोबरच आहे. पांढरी, कोवळी, टोकाला लव असलेली मुळीच अन्न घेते, आणि जिवाणूंना खाऊही मुख्यतः तिथूनच मिळतो. तपकिरी, जुनी मुळी झाडाला धरून ठेवते. काळी पडलेली, साल सहज निघून येणारी मुळी सडलेली असते.

चिकटलेली माती. मुळी उचलून हलकी झटका. मातीचे बारीक कण मुळीला धरून राहिले तर चांगली खूण. जिवाणू आणि मुळी दोघंही चिकट पदार्थ सोडतात, त्याने कण बांधले जातात. मुळी धुतल्यासारखी स्वच्छ बाहेर आली तर तिथे जीव कमी आहे असं समजा.

वास. मूठभर ओली माती नाकाशी धरा. पहिल्या पावसाचा जो वास येतो तो मुख्यतः जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटाचे जिवाणू तो तयार करतात. तो वास आला तर मातीत हवा खेळते आहे. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी साचलंय, हवा नाही. मग दुकानात जाण्याआधी पाण्याचा निचरा दुरुस्त करा.

गाठी. इथे नवीन माणूस हमखास फसतो. सोयाबीन, हरभरा, भुईमूग, मूग यांच्या मुळांवर रायझोबियम नावाच्या, नत्र पकडणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येतात आणि त्या हव्याच असतात. त्या मुळीच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि बोटाने चोळल्या की सुटतात. एक गाठ नखाने कापा: आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्र पकडण्याचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पण टोमॅटो, द्राक्ष, डाळिंब यांच्या मुळांवर गाठी दिसल्या तर त्या रायझोबियमच्या नसतातच. ती मुळीच फुगून जाड झालेली असते आणि बोटाने सुटत नाही. तो सूत्रकृमींचा, म्हणजे निमॅटोडचा प्रादुर्भाव. ‘गाठी आल्या, छान’ म्हणून तिकडे दुर्लक्ष केलं तर बाग हळूहळू खंगत जाते.

जे दिसलं त्याचा फोटो तारखेसह ठेवा. पुढे काही सोडल्यावर त्याच ठिकाणची मुळी पुन्हा पाहायची आहे.

## 2. माती परीक्षण, आणि त्यातले फक्त तीन आकडे

मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. जिवाणूंचा विचार करताना आधी तीन पाहा.

सेंद्रिय कर्ब. 0.5 टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे कमी, 0.5 ते 0.75 मध्यम, त्याच्या वर चांगला. मूळपरिसरातल्या जिवाणूंना मुळी खाऊ देते. बाकी मातीतल्या सगळ्यांची भिस्त याच कर्बावर असते. तो 0.3 असेल तर बाटल्यांवर पैसे घालण्यात मला अर्थ वाटत नाही. आधी शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत.

सामू (पीएच). निफाड, दिंडोरी, चांदवडच्या काळ्या जमिनींत तो बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास किंवा वर असतो आणि चुनखडीही असते. अशा मातीत तुम्ही घातलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. पीएसबीचं महत्त्व इथे आहे. पण हेही लक्षात ठेवा: चुनखडी फार असेल तर जिवाणूंनी सोडलेलं आम्ल चुनखडीच खाऊन टाकते आणि परिणाम कमी दिसतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या भात-नागलीच्या तांबड्या जमिनींचं गणित वेगळं आहे. काळ्या जमिनीचा सल्ला तिकडे जसाच्या तसा लावू नका.

क्षारता. ईसी (विद्युत वाहकता, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) 1 च्या आत असेल तर ठीक. वर्षानुवर्षं ठिबकमधून विद्राव्य खतं देऊन ड्रीपरखालची माती खारवते, आणि हे शेताच्या सरासरी नमुन्यात दिसत नाही. म्हणून बागेचा नमुना बोदावरून (झाडांच्या ओळीतल्या उंच गादीवरून), ड्रीपरच्या ओल्या भागातून घ्या.

नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करा. हंगामी पिकासाठी 15 ते 20 सेंमी, बागेसाठी 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंमी असे दोन वेगळे नमुने. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, नुकतंच खत टाकलेल्या ठिकाणी नमुना घेऊ नका. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नका, सगळा अहवाल बिघडतो.

सोबत लागणारी माहिती: शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, मोबाइल नंबर, आधीचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय. सातबाऱ्याची आणि आधारची प्रत पिशवीत असू द्या, कधी लागते, कधी नाही.

एक घरगुती चाचणीही करून पाहा. पांढऱ्या शुद्ध सुती कापडाचे सारखे तुकडे वीतभर खोलीवर दोन-तीन ठिकाणी पुरा, वर काठी रोवून खूण करा आणि दोनेक महिन्यांनी काढा. जिथे मातीत जीव आहे तिथे कापडाच्या चिंध्या झालेल्या असतात, जिथे नाही तिथे ते जवळपास अख्खं निघतं. याने आकडा मिळत नाही, पण बांधाकडेची माती आणि बोदाची माती यातला फरक डोळ्यांना दिसतो.

## 3. जिवाणूंना टिकता येईल अशी माती करा

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. हात घातल्यावर गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, भुसभुशीत आहे, तर ते तयार. कच्चं शेण टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. शिवाय कच्च्या काडीकचऱ्यात कर्ब खूप आणि नत्र कमी, म्हणून तो कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि पीक पिवळं पडतं. तेव्हा पिवळेपणा पाहून युरिया वाढवला जातो, आणि मूळ कारण तसंच राहतं.

ताग किंवा धैंचा पावसाळ्याच्या तोंडावर पेरून फुलोऱ्यावर येताना, साधारण 45 ते 50 दिवसांनी, गाडा. गाडल्यावर दोन-तीन आठवडे कुजायला द्या, लगेच लागवड करू नका. द्राक्षात दोन ओळींच्या मधे ताग पेरून तो कापून बोदावर टाकता येतो.

आच्छादन करा. निफाडकडे उसाचं पाचट मिळतं, नाहीतर सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड. मार्च ते मे उघडा बोद किती तापतो हे दुपारी हात लावून पाहा. वरच्या दोन-तीन इंचांत ना मुळी टिकते, ना जिवाणू. पाचट टाकलं की तोच थर पुन्हा जिवंत होतो.

पाण्याचं मात्र कडक बोलतो. उपयोगी जिवाणूंपैकी बहुतेकांना हवा लागते. काळ्या मातीत रोज ठिबक चालू ठेवून ड्रीपरखाली चिखल केला की हवा संपते. मग दुसऱ्याच गटाचे जिवाणू पुढे येतात. ते मातीतल्या नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि तुमचा पैसे देऊन घातलेला नत्र वायू होऊन उडून जातो. पांढरी मुळी गुदमरते ती वेगळीच. वाफसा येऊ द्या, मगच पुढचं पाणी. गोडी छाटणीनंतर (द्राक्षाच्या फळछाटणीनंतर) अवकाळी पाऊस झाला तर चर काढून पाणी बाहेर काढणं हे कोणत्याही बाटलीपेक्षा आधीचं काम.

## 4. पीक पाहून जिवाणू निवडा

रायझोबियम फक्त शेंगवर्गीय पिकांना. त्यातही पिकांचे गट वेगळे: सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. पाकिटावर पिकाचं नाव असतं, ते वाचूनच घ्या. द्राक्ष, कांदा, टोमॅटो यांना रायझोबियमचा नत्रासाठी उपयोग नाही, कोणी काहीही सांगो.

अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम कांदा, भाजीपाला, मका, गहू, बाजरी यांना. हे मुळीवर गाठी करत नाहीत, मोकळे राहून किंवा मुळीला बिलगून नत्र पकडतात. यांच्याकडून रायझोबियमइतक्या नत्राची अपेक्षा धरू नका. मुळी वाढणं हाच यांचा मोठा फायदा असतो. यांच्या भरवशावर नत्राचा हप्ता एकदम बंद करू नका.

पीएसबी जवळपास सगळ्या पिकांना. पण हे स्फुरद निर्माण करत नाहीत, जमिनीत साठलेला मोकळा करतात. मातीत स्फुरद मुळातच नसेल तर काय मोकळा करणार? अहवालातला आकडा इथे कामाला येतो. जुन्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षं घातलेला स्फुरद साठून असतो, तिथे हे वापरण्यात अर्थ आहे.

केएमबी म्हणजे पालाश उपलब्ध करून देणारे जिवाणू. काळ्या जमिनींत पालाश बहुधा भरपूर असतो, अहवाल पाहून ठरवा.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स, बॅसिलस सबटिलिस रोगनियंत्रणासाठी. रोपवाटिकेतली मर आणि मूळकूज यांच्या आधी, बचाव म्हणून. मर पसरल्यावर सोडून वाळणारं झाड उठत नाही.

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणू नाही. दुकानात सगळं एकाच कपाटात असतं म्हणून एकच वाटतं. फरक लक्षात ठेवायचा तो यासाठी की बुरशीनाशकाची आळवणी केली (औषधाचं पाणी मुळाशी ओतलं) तर ट्रायकोडर्मा आधी मरतो, आणि तांब्याचं औषध किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखं प्रतिजैविक गेलं तर जिवाणू.

## 5. बाटलीवरचं लेबल उभ्या उभ्या वाचा

जिवाणू खतं खत नियंत्रण आदेश 1985 खाली येतात, 2006 पासून. त्यानुसार पावडर स्वरूपात प्रति ग्रॅम किमान 5 कोटी आणि द्रवरूपात प्रति मिली किमान 10 कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. लेबलवर हा आकडा ‘सीएफयू’ म्हणून 5×10⁷ किंवा 1×10⁸ असा लिहिलेला असतो. रोगनियंत्रणाचे स्युडोमोनास, बॅसिलस, ट्रायकोडर्मा हे मात्र कीटकनाशक कायदा 1968 खाली येतात, त्यांच्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा (सीआयबी) नोंदणी क्रमांक हवा.

म्हणून हे तपासा: जिवाणूचं पूर्ण नाव, सीएफयू, उत्पादन तारीख, वापरायची शेवटची तारीख, बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, परवाना किंवा नोंदणी क्रमांक. नुसतं ‘जैविक’, ‘ऑरगॅनिक’, ‘मुळी स्पेशल’ असं मोठ्या अक्षरात आणि आत काय आहे ते कुठेच नाही, अशी बाटली परत ठेवा. निर्यातीचा माल असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. नोंदणी नसलेल्या ‘जैविक’ बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं निघालं तर अवशेष तपासणीत तुमचा नमुना फेल होतो आणि सोसायचं तुम्हालाच.

तारखेइतकंच पाहायचं म्हणजे बाटली कुठे ठेवलेली होती. बॅसिलस बीजाणू (टणक, सुप्त रूप) करतो, कोरड्यात आणि उष्णतेत तो तग धरतो. रायझोबियम, अ‍ॅझोस्पिरिलम, स्युडोमोनास असे बीजाणू करत नाहीत. एप्रिलमध्ये दुकानाच्या दारात उन्हात मांडलेल्या खोक्यातली त्यांची बाटली तारखेत असूनही मेलेली असू शकते. घरी आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा, फवारणीच्या औषधांच्या शेजारी नको. बर्फाच्या कप्प्यातही नको.

पक्की पावती घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या, आणि माल वापरून झाला तरी बाटली हंगाम संपेपर्यंत टाकू नका. तक्रार करायची वेळ आली तर पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी कार्यालयाच्या गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकाकडे हेच दाखवावं लागतं.

## 6. द्यायचं कसं

बियाण्याला. पावडर असेल तर 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात पावडर कालवा, बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळा. सोयाबीनची साल नाजूक, घासू नका. सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक आणि कीटकनाशकाची प्रक्रियाही करायची असेल तर क्रम पक्का आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. क्रम उलटला तर जिवाणूंवर विष ओतल्यासारखं होतं. बाजारातून आणलेलं बियाणं आधीच रंगीत, प्रक्रिया केलेलं असेल तर पिशवीवर कोणतं औषध लावलंय ते वाचा.

रोपाला. कांद्याचं रोप, टोमॅटो, कोबी, मिरची यांसाठी मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण जिवाणू थेट मुळीवर जातात आणि खर्च नगण्य. 10 लिटर पाण्यात अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम आणि पीएसबी प्रत्येकी 250 ते 500 ग्रॅम कालवा, कांद्याच्या जुड्यांची मुळं त्यात 15 ते 30 मिनिटं बुडवा आणि लगेच लावा. उन्हाळ कांद्याची लागण करताना बादली वाफ्याजवळ ठेवली की बायका पुढच्या जुड्या आधीच बुडवून ठेवतात, वेगळी मजुरी लागत नाही. टोमॅटोचे ट्रे तसेच द्रावणात टेकवून काढले तरी चालतं.

शेणखतातून. मुरलेल्या शेणखताच्या ढिगात जिवाणू खत मिसळा, ओलं करून सावलीत गोणपाटाने झाका, आठवडा-दहा दिवस वरखाली करत ठेवा आणि मग बोदात द्या. इथे जिवाणू खाऊसोबतच मातीत जातात. कर्ब कमी असलेल्या रानात ठिबकपेक्षा हीच पद्धत निवडा.

ठिबकमधून. द्रवरूपच घ्या. पावडरीतला लिग्नाइट किंवा टाल्क ड्रीपर बंद करतो. बहुतेक लेबलांवर एकरी 1 ते 2 लिटर असतं, लेबल पाळा. आधी थोडा वेळ नुसतं पाणी चालवून बोद ओला करा, मग जिवाणू सोडा, शेवटी लॅटरल (ओळीतल्या ठिबकच्या नळ्या) धुवून निघतील एवढं साधं पाणी. संध्याकाळी सोडा. द्राक्षात छाटणीच्या दिवशी सोडून काही साधत नाही. फूट निघून काही पानं आली, पांढरी मुळी दिसायला लागली, की सोडा, कारण तेव्हा मुळी खाऊ देत असते. गूळ भरपूर घातला की जिवाणू भरपूर, असा समज आहे. जास्तीच्या गुळाने पाइपात बुळबुळीत थर धरतो आणि ड्रीपर चोंदतात.

जीवामृत. सुभाष पाळेकरांनी जे प्रमाण रूढ केलं ते साधारण असं: 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायला घ्यायचं, आठवड्यात संपवायचं. त्यात कोणते जिवाणू किती हे दर वेळी वेगळं असतं, म्हणून नेमक्या कामासाठी नेमका जिवाणू हवा असेल तिथे याने भागत नाही. मातीत एकूण हालचाल वाढवायला ते उपयोगी आहे. दुहेरी कापडातून गाळूनच व्हेंच्युरीला (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या जोडणीला) लावा. कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या पानांवर काढणीच्या तोंडावर फवारू नका. कच्च्या शेणातले माणसाला आजारी पाडणारे जिवाणू त्या पानांसोबत ताटात जातात.

## 7. सोडलेलं मारून टाकू नका

सकाळी बॅसिलस आणि दुपारी त्याच लाइनमधून क्लोरीन किंवा आम्ल, असं वेळापत्रक मी बऱ्याच बागांत पाहतो. ठिबक धुवायचं असेल तर ते आधी उरका, भरपूर पाणी जाऊ द्या, काही दिवसांनी जिवाणू. रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी आणि जिवाणू यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. एकाच टाकीत विद्राव्य खतासोबत कालवू नका, तिथल्या तीव्र क्षारांत पेशीतलं पाणी निघून जातं. नळाचं क्लोरीनवालं पाणी वापरायची वेळ आली तर रात्रभर उघड्या पिंपात ठेवा. विहिरीचं उत्तम.

द्राक्षवाल्यांनी बोर्डोचाही (मोरचूद-चुन्याच्या, तांबं असलेल्या मिश्रणाचाही) विचार करावा. भुरीला गंधक आणि डाउनीला तांबं ही आपली जुनी शिस्त, आणि तांब्याशिवाय भागत नाही हे मलाही मान्य आहे. पण तांबं कुजत नाही, पावसाने मातीवर उतरतं आणि वर्षानुवर्षं वरच्या थरात साठत राहतं, आणि जास्त झालं की मातीतल्या जीवांना ते विषारी असतं. म्हणून फवारा पानावर बसेल एवढाच मारा, बोदावर ओघळ येईपर्यंत नको. मृद आरोग्य पत्रिकेत तांब्याचा आकडा असतो, जुनी बाग असेल तर तोही पाहा.

## 8. काही ओळी मुद्दाम सोडा

या लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. बागेत किंवा वावरात दोन-तीन ओळी अशा ठेवा, जिथे बाकी सगळं सारखं, फक्त जिवाणू नाहीत. त्या ओळींचा व्हॉल्व्ह वेगळा नसेल तर सोडताना लॅटरलचं तोंड बंद करा. कडेच्या ओळी घेऊ नका, मधल्या घ्या. खांबाला रंगाचा पट्टा मारा.

मग दोन्हीकडची मुळी त्याच खोलीवर उकरून पाहा, फोटो शेजारी ठेवा, काढणीला वजन वेगळं लिहा. असं केल्याशिवाय ‘मला रिझल्ट आला’ म्हणता येत नाही, कारण त्या वर्षी पाऊसच चांगला झालेला असू शकतो. एका हंगामात फरक नाही दिसला तर पुढच्या हंगामात पुन्हा करा. तेव्हाही नाही दिसला तर ती बाटली बंद करून ते पैसे शेणखतात घाला. जिवाणू चांगले असले तरी तुमच्या मातीत आधीपासूनच पुरेसे असतील, तर बाहेरून आणलेल्यांना जागाच मिळत नाही.

## टोमॅटो अचानक कोमेजला तर

हिरवंगार झाड पिवळं न पडताच दोन-तीन दिवसांत माना टाकतं, तेव्हा जिवाणूजन्य मर आहे की बुरशीजन्य हे आधी ठरवा, कारण बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही. जमिनीलगतचं खोड कापून स्वच्छ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टोक बुडेल असं स्थिर धरा. काही मिनिटांत दुधासारखी बारीक धार खाली उतरली तर राल्स्टोनिया. धार नाही, खालची पानं आधी एका बाजूने पिवळी झाली होती आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात, तर फ्युजेरियम या बुरशीची शक्यता जास्त.

राल्स्टोनिया निघाला तर ते झाड मातीच्या गोळ्यासकट काढून वावराबाहेर नेऊन जाळा. त्या जागेवरून पाणी पुढच्या झाडांकडे वाहू देऊ नका, खुरपं-कात्री धुऊन घ्या. त्या वावरात पुढे वांगी, मिरची, बटाटा नको, ही सगळी त्याच रोगाची घरं. मका, ज्वारी, कांदा यांच्याकडे वळा.

## जवळ ठेवायच्या गोष्टी आणि विचारायच्या जागा

खुरपं, कुदळ, स्वच्छ बादली, गाळायला सुती कापड, काचेचा ग्लास, भिंग मिळालं तर उत्तम, खुणेसाठी रंग, आणि एक वही. वहीत तारीख, काय सोडलं, बॅच नंबर, त्याआधी आणि नंतर कोणतं औषध गेलं, पाऊस कधी झाला, मुळी कशी दिसली. निर्यातीची बाग असेल तर फवारणीच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, त्याच वहीत हा रकाना वाढवा.

माती परीक्षणासाठी जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, मालेगाव, सटाणा, देवळ्याकडच्यांना वडेलचं जवळ पडतं. जिवाणू खतं खात्रीची हवी असतील तर महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक नत्र स्थिरीकरण योजना आहे, तिथे तयार होतात. गावातले दोघं-चौघं मिळून एकदम मागवा, पण आणताना उन्हाची वेळ टाळा. द्राक्षाच्या मुळांबद्दल अडलं तर पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. कांद्यासाठी राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय.

जाताना नुसती तक्रार घेऊन जाऊ नका. माती परीक्षणाचा अहवाल, वहीतल्या नोंदी, मुळीचे फोटो, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली, त्याच सकाळी उकरलेली मुळी मातीसकट सोबत न्या. रोगट झाड दाखवायचं असेल तर पूर्ण वाळलेलं नको, नुकतंच कोमेजायला लागलेलं न्या, कारण मेलेल्या मुळीवर नंतर आलेल्या बुरशा मूळ कारण झाकून टाकतात.